उजवी बाही

१

सकाळी साडेनऊला बदलापूरच्या कात्रपहून मोटारसायकल काढायची, अंबरनाथ मागे टाकायचं आणि दहाच्या ठोक्याला उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माडीवरच्या गाळ्यात बसून नवे कपडे जुने करायचे, हा धर्मराजचा बावीस वर्षांचा नेम होता.

बरोबर वाचलंत. नवे कपडे जुने. शिलाईवरून उतरलेली कोरी करकरीत जीन्स त्याच्याकडे यायची. हवा भरलेल्या रबरी पायांवर तो ती चढवायचा आणि पॉलिशपेपरचा तुकडा घेऊन मांडीवर, गुडघ्यावर, खिशाच्या कडेवर असा हात चालवायचा, की अर्ध्या तासात त्या बिचारीने चार पावसाळे आणि दोन लग्नं पाहिली असावीत असं वाटावं. या कामाला बाजारात नुसतं 'घासणं' म्हणतात आणि घासणारे पैशाला पासरी आहेत. पण बाकीचे कापड घासायचे. धर्मराज आधी मनात एक माणूस उभा करायचा. उंच की बुटका, सायकलवाला की रिक्षावाला. मग तो माणूस जिथे वाकेल, टेकेल, हात पुसेल, तिथेच कागद लावायचा. त्याची जीन्स बघून गिऱ्हाईक म्हणायचं, ही कुणाची तरी आहे. तेव्हा ती कुणाचीच नसायची.

उलटंही यायचं त्याला. एकदा मांजर्लीला साडूकडे गेला असताना शेजारच्या दोरीवरची पँट बघून म्हणाला, हिचा मालक दोन महिने कामावर जात नाहीये, कुठल्यातरी बागेत फळ्यांच्या बाकावर बसून असतो. साडूने हसण्यावारी नेलं. शेजारणीने नेलं नाही. त्या बिल्डिंगमध्ये धर्मराजला अजून कुणी चहा विचारत नाही.

तर अशा या माणसाचा उजवा हात चालला होता. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठा जड, मग सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. बदलापूरच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या आणि नस दबल्याचं सांगितलं. अजून दोन वर्षं घासलंत तर या हाताने चहाचा कप उचलायची आशा सोडा, म्हणाले.  घरी आल्यावर बायको अस्मिताने सरळ विचारलं, की हात आधी सोडणार आहात की धंदा?

वाट दाखवली खालच्या महेशशेठने. महेशशेठ सिंधी, बापाच्या वेळेपासून कापडात. पण गेली पाच-सहा वर्षं त्याने वेगळंच दुकान मांडलं होतं. जुने कामगारी कपडे. कारखान्यातल्या डांगऱ्या, फिटरचे कोट, रेल्वेवाल्यांच्या पाटलोणी. जे कपडे आपण गाडी पुसायला काढतो, ते महेशशेठ घड्या घालून पिशवीत ठेवायचा आणि त्याचे फोटो बघून लोक भांडायचे. एका फाटक्या निळ्या कोटाला ऐंशी हजार मिळाले, तेव्हा खुद्द महेशशेठने त्या रात्री झोपेची गोळी घेतली होती म्हणतात.

धर्मराजला आधी हे खूळ वाटायचं. ते खूळ नाही हे त्याला पुण्याच्या विष्णुपंतांनी पटवलं. सत्तरीचे, पांढऱ्या कडक इस्त्रीतले, उभी हयात गिरण्यांच्या यंत्रांत घालवलेले गृहस्थ. स्वतःसाठी घेत, परदेशातल्या शौकिनांसाठी घेत. त्यांचं म्हणणं असं, की राजाचा शेला कपाटात राहतो, म्हणून शंभर सापडतात. कामगाराचा कोट माणसाबरोबर राबतो. राबून राबून विरतो, मग त्याची मशीन पुसायची चिंधी होते, आणि चिंधीही शेवटी तेलात विरघळते. त्यातून एखादा वाचला, तर तो हिऱ्याहून दुर्मीळ. आणि दुसरं असं, की कापड पुन्हा विणता येतं, शिलाई पुन्हा घालता येते, पण एका माणसाची वीस वर्षांची झीज कुणाला पुन्हा करता येत नाही.

हे ऐकून धर्मराजला मान खाली घालावीशी वाटली, आणि छातीही फुगवावीशी वाटली. कारण ती झीज करता येणारा एक माणूस त्याच्या माहितीत होता.

महेशशेठने सौदा टाकला. "धरम, असा एक असली पीस आण की विष्णुपंत उभे राहिले पाहिजेत. या लाईनमध्ये चार आणे भागी तुझी. मग घासणं बंद. हात खिशात घालून फक्त बघायचं, साईं."

२

कोट अंबरनाथला मिळाला, देवळाच्या वाटेवर, कमळाबाईंच्या घरी. पंचाहत्तरीच्या बाई, नऊवारी, हातात हिरव्या काचा नाहीत पण चांदीचे दोन गोठ. नवरा बुधाजी एका लोखंडी सामानाच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडून जमाना झाला, बुधाजी जाऊन आठ वर्षं.

आता जुन्या मालाच्या धंद्यात एक रीत आहे, ती महेशशेठने धर्मराजला पहिल्याच दिवशी बजावली होती. घरच्यांना वस्तूबद्दल विचारायचं, माणसाबद्दल कधी विचारायचं नाही. एकदा का माणूस आठवायला लागला, की हातात आलेली वस्तू पुन्हा पेटीत जाते. म्हणून धर्मराजने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, जागेचे भाव काढले, सून कामावरून कधी येते ते विचारलं. बुधाजीचं नाव काढलं नाही. कमळाबाई दोनदा सांगायला लागल्या, यांचा तो कोट म्हणजे, आणि दोन्ही वेळा धर्मराजने पाणी मागितलं.

पेटी उघडली तेव्हा मात्र त्याचं पाणी प्यायचं राहिलं.

जाड डांगरीचा निळा कोट. निळा तरी कसला. खांद्यावर पहाटेच्या आभाळासारखा, काखेत शाईसारखा, खिशाच्या तोंडाशी जवळजवळ पांढरा. तिहेरी शिलाई, एक टाका हललेला नाही. पितळी बटणांपैकी वरचं अंगठ्याने दाबून दाबून आरशासारखं झालेलं. पोटावर एक आडवा फिका पट्टा, तिथे माणूस टेबलाला टेकून उभा राहायचा. डाव्या खिशात पट्टीचा उमटलेला चौकोन. डाव्या बाहीच्या कोपरात अशा बारीक वळ्या पडलेल्या, की धर्मराजला बावीस वर्षांत तशी एक वळी जमली नव्हती. बुधाजी डावरा होता, हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं. नुसता डावरा नाही, उस्ताद. एकाच हालचालीने लाख वेळा हललेला तो हात होता, न चुकता, न घाई करता. असा कामगार आपण जिवंतपणी पाहिला नाही याचं त्याला वाईट वाटलं.

मग त्याने उजवी बाही उलगडली.

उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत कोरी होती. नुसती कमी वापरलेली नव्हे, कोरी. गडद, कडक, दुकानातून आणल्यासारखी. वर दंडापाशी आडवी घडीची एक रेघ आणि तिच्याखाली काहीच नाही.

"ने, बाला," कमळाबाई म्हणाल्या. "पेटीत ठेवून मी काय करू."

धर्मराजने जे कबूल केलं होतं त्याहून थोडं जास्तच त्यांच्या हातावर ठेवलं, कोट छातीशी धरला आणि निघाला. विचारायला हवं होतं, हे त्याला वेशीपाशी वाटलं. पण रीत ती रीत.

३

गाळ्यात आणून त्याने कोट खिडकीसमोर हँगरला लावला आणि दोन दिवस त्या बाहीवर डोकं खपवलं. बाही बदलली असेल? नाही, धागा तोच, शिलाईचा हात तोच. बुधाजी उजवी बाही वर दुमडून ठेवत असेल? मग दुमडीच्या आत मळ साचायला हवा. बरं, डावऱ्याचाही उजवा हात काहीतरी धरतो, टेकतो, घाम पुसतो. माणूस कितीही डावरा झाला तरी उजवा हात घरी ठेवून कामावर जात नाही.

महेशशेठने कोट पाहिला आणि आधी कपाळाला हात लावला तो आनंदाने, मग बाही पाहून दुसऱ्यांदा लावला. विष्णुपंत गुरुवारी येणार होते. ते ही बाही बघणार आणि म्हणणार जोडकाम आहे. मग कोट कितीही असली असो, भाव मातीत.

"तू आहेस ना," महेशशेठ म्हणाला. "एक बाही. लाईफमधली शेवटची बाही समज."

धर्मराजचं मन आधी तयार होईना. देवाच्या मूर्तीला आपण नाक बसवावं तसं ते त्याला वाटलं. पण बाही त्याला झोपू देत नव्हती. अपुरी राहिलेली झीज त्याला अपुऱ्या वाक्यासारखी टोचायची. मंगळवारी सकाळी त्याने दार लोटून घेतलं आणि पॉलिशपेपर काढला.

अडचण एकच होती. पायांचे रबरी साचे होते, हाताचा नव्हता. बाहीत काहीतरी भरल्याशिवाय कोपराच्या वळ्या खऱ्या पडत नाहीत. मग त्याने कुठल्याही घासणाऱ्याने केलं असतं तेच केलं. आपलाच उजवा हात बाहीत घातला, कोपरात वाकवला, आणि डाव्या हाताने घासायला बसला. दोन्ही हातांनी घासता येणं ही त्याची जुनी शेखी होती.

तीन तास तो उठला नाही. बुधाजीला मनात उभा केला, टेबलाला टेकलेला, आणि त्याला उजवा हात दिला. मनगटाची कड विरवली. कोपर फिकं केलं. टेबलाच्या कडेला जिथे बाही घासली जाईल तिथे एक चकचकीत पट्टा आणला. काम संपलं तेव्हा डावी कुठली आणि उजवी कुठली हे त्याला स्वतःला सांगता येईना. असं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं. त्याला वाटलं, बुधाजीने पाहिलं असतं तर मान डोलावली असती.

हात बाहेर काढताना मात्र तो जरा अडकला. कुणी सोडता सोडता बोटं घट्ट करावीत, तसा. मग सुटला.

४

बुधवारी सकाळी बाहीच्या मनगटावर तेलाचा डाग होता.

धर्मराजने तेल वापरलं नव्हतं. गाळ्यात तेल नव्हतंच. डाग ताजा होता, मशीनच्या काळ्या तेलाचा, चार बोटांचा. खाली शिलाईयंत्रं आहेत, कुणीतरी वर येऊन हात लावला असेल, असं त्याने ठरवलं. चावी एकच होती आणि ती त्याच्या खिशात होती, हे त्याने मुद्दाम आठवलं नाही.

पण कोपराच्या वळ्यांचं काय करणार? काल त्याने सात घातल्या होत्या. आज अकरा होत्या. आणि वरच्या चार त्याच्या सातांपेक्षा सरस होत्या. त्या वळ्यांत कागदाचा ओरखडा नव्हता. कापड आपणहून दमल्यासारखं तिथे मोडलं होतं. धर्मराज भिंग घेऊन अर्धा तास बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी त्याला हेवा वाटला.

दुपारी अस्मिताने डबा पाठवला नव्हता म्हणून तो घरी जेवायला गेला. तिने स्टीलच्या पेल्यात उकळता चहा दिला. त्याने तो उजव्या हातात घेतला आणि बोलत राहिला. अस्मिताने पेला हिसकून घेतला तेव्हा त्याचा तळवा लाल झालेला होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

"हेच राहिलं होतं," ती म्हणाली. "आता तो हात तुमचा नाही असं समजा."

डॉक्टर म्हणाले तसं झालं, नस गेली, असं त्याने तिला सांगितलं. हात बधिर होतो, होणारच होता. हे खरंही असेल. फक्त एक गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. हात बधिर नव्हता. त्या हाताला चहा कळत नव्हता, पण पेला धरलेल्या त्या मुठीत त्याला दुसरंच काहीतरी लागत होतं. लाकडी मूठ. गुळगुळीत, घामाने ओलसर. आणि तिच्यापुढे लोखंडाची कंपनं, एकसारखी, मनगटापर्यंत येणारी.

लोखंड घासायच्या कानशीची मूठ अशी लागते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

५

दुपारी तो परत गाळ्यात आला. कॅम्प दोनमध्ये शांतता हा प्रकार नसतो. खाली शिलाईयंत्रं, समोर बटणं ठोकायचं मशीन, पलीकडे कुणाचा तरी कुकर, आणि हातगाडीवाले सिंधीत, हिंदीत, मराठीत एकाच वस्तूचे तीन भाव सांगत असतात. त्या गलक्यात त्याला खर्र, खर्र असा एक आवाज आल्यासारखा वाटत होता. शेजारच्या गाळ्यातही घासणारेच होते. त्यांचाच असणार.

साडेतीनला वीज गेली.

एका क्षणात सगळी यंत्रं थांबली. शेजारचे घासणारे जिन्यावर येऊन मोबाईल बघत बसले. धर्मराजला ते दारातून मोजता येत होते, तिघेच्या तिघे. आणि आवाज चालूच होता. खर्र. मध्ये एक श्वास. खर्र. इतका सारखा, इतका संथ, की घड्याळाने लाजावं. तो त्याच्या पाठीमागून, खिडकीकडून येत होता.

धर्मराज वळला नाही. त्याने आधी आपला उजवा हात पाहिला. तो मांडीवर स्वस्थ पडला होता, बोटं सैल. आणि त्या सैल बोटांत मूठ होती, मागे-पुढे, मागे-पुढे.

मग तो वळला.

कोट हँगरवर होता. खिडकीतून भर दुपारचं ऊन त्यावर आलं होतं. डावी बाही सरळ लोंबत होती, कापडासारखी. उजवी लोंबत नव्हती. कोपरात वाकून ती खिडकीच्या कठड्यावर टेकली होती आणि भरलेली होती. मनगटाच्या विरलेल्या कडेपुढे ऊन जरा दाट झालं होतं. तिथे काय होतं हे त्याला नीट दिसलं नाही, आणि नीट बघायला त्याने थांबायलाही नको होतं. पण तो थांबला. कारण ती बाही ज्या ऐटीत पुढे जात होती, खांद्यातून उचलून, मनगट न मोडता, शेवटाला किंचित दाब देऊन, ती बघून कुठल्याही कारागिराचे पाय जागीच राहिले असते. ते काम होतं.

वीज आली. खालची यंत्रं एकदम किंचाळली. बाही उतरली आणि लोंबू लागली. कठड्यावर लोखंडाचा बारीक भुगा पडला होता. धर्मराजने तो फुंकरीने उडवला आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, ठेवायला हवा होता, उद्या मला मीच खोटारडा वाटेन.

६

गुरुवारी अकरा वाजता विष्णुपंत आले. चपला दाराबाहेर काढल्या. हात धुऊन, रुमालाने कोरडे करून मगच कोटाजवळ गेले. ती त्यांची पद्धत होती. महेशशेठ बोलायला लागला तसं त्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं.

पंधरा मिनिटं ते कोट वाचत होते. डाव्या बाहीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे ओले झाले, यात माझ्या पदरचं काही नाही. मग उजवी. तिच्यापाशी ते आणखी थांबले. धर्मराज खिडकीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात खाली सोडून. पकडले जाऊ अशी त्याला भीती होती. आणि पकडले जाणार नाही अशीही.

"घालून बघू?" विष्णुपंतांनी विचारलं. महेशशेठने कोट उतरवून धरला.

डावा हात सहज गेला. उजवा कोपरापर्यंत गेला आणि थांबला. विष्णुपंतांनी जरा ढकलला. बाही रुंद होती, त्यांचा हात काडीसारखा. तरी तो जाईना.

त्याच वेळी धर्मराजच्या मोकळ्या, उघड्या, खाली सोडलेल्या तळव्याला कुणाची तरी बोटं लागली. म्हातारी, नुकतीच धुतलेली, गार बोटं. चाचपत आली, त्याच्या अंगठ्यावर क्षणभर टेकली, आणि भाजल्यासारखी मागे गेली.

विष्णुपंतांनी हात बाहेर काढला. बोटांच्या टोकांना काळं तेल लागलं होतं. त्यांनी ते हुंगलं, रुमालाने पुसलं नाही. बराच वेळ बाहीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग, देवळातून निघताना करतात तसा, त्यांनी त्या कोटाला वाकून नमस्कार केला.

"महेश," ते हळू म्हणाले, "पन्नास वर्षं मी हेच शोधतोय. कपडा सगळे विकतात. यात माणूस आहे. मी काही विचारणार नाही. बांधा."

त्यांनी सांगितलेली किंमत महेशशेठला दोनदा ऐकावी लागली. तो खाली कागद आणायला धावणार इतक्यात धर्मराज आडवा आला. विष्णुपंत कोटाचं काय करणार, हे त्याने विचारलं. त्यांनी प्रेमाने सांगितलं. पुण्याला काचेचं कपाट आहे. आत हवा जात नाही, ऊन जात नाही, हात लागत नाही. शंभर वर्षं काही होणार नाही.

शंभर वर्षं. धर्मराजने उजवी मूठ मिटून पाहिली. मिटली, पण त्याला ती कळली नाही.

"विकायचा नाही," तो म्हणाला.

महेशशेठ आधी हसला. मग चिडला, मग सिंधीत काहीतरी पुटपुटला. "चार आणे गेले तुझे, धरम. उद्यापासून परत त्या रबरी पायांवर."

"बसतो."

"कुठल्या हाताने?"

 धर्मराजने डाव्या हाताने कोट काढून घेतला, डाव्याच हाताने घडी केली, आणि विष्णुपंतांकडे न बघता जिना उतरला. विष्णुपंत मात्र रागावले नव्हते. ते आपली काळी बोटं उन्हात धरून बघत होते.

७

कमळाबाई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. धर्मराजने कोट त्यांच्यापुढे ठेवला, आणि बावीस वर्षांच्या धंद्यात जे कधी विचारलं नव्हतं आणि महेशशेठच्या रितीत जे बसत नव्हतं ते विचारलं. आजी, बुधाजी कसे होते?

 त्यांनी सूप बाजूला सारलं, कोट मांडीवर घेतला, खांदे कुरवाळले. मग उजव्या बाहीवर त्यांचा हात आला आणि तिथेच थांबला. कोपर चाचपलं. मनगटाची विरलेली कड दोन बोटांत धरली. तेलाचा डाग डोळ्यांजवळ नेला.

"यो हात कोनी दिला त्यांना?" त्या म्हणाल्या.

धर्मराजला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्यांनी सांगितलं, तांदळातला खडा काढावा इतक्या सहज. लग्नाला सहा वर्षं झाली होती. कारखान्यातल्या मशीनने बुधाजीचा उजवा हात कोपरापासून नेला. कारखान्याने फाटकावर बसायची नोकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. दीड वर्ष घरी बसून डाव्या हाताने कानस धरायला शिकला आणि परत आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. हा कोट त्यानंतरचा. एकवीस वर्षं रोज सकाळी त्या उजवी बाही वर दुमडायच्या आणि दंडाला पिन लावून द्यायच्या. पाहुणे यायचे ते डावा हात बघायला यायचे, असं काम करायचा. पण रात्री झोपेत उजवा खांदा हलायचा. मागे-पुढे, मागे-पुढे.

"मना बोलायचे, कमले, यो अजून कामावर हाय."

धर्मराजने सगळं कबूल केलं. घासणं, बाहीत घातलेला हात, सगळं. चूक झाली म्हणाला. बाही परत दुमडून पिन लावा, म्हणजे सुटेल असं मला वाटतं, म्हणाला. माझा हात, आजी. मला तेवढाच आहे. बोलता बोलता तो उंबऱ्यापर्यंत मागे सरकला होता हे त्याच्या लक्षात आलं नाही.

कमळाबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी बाहीचं तोंड दोन बोटांनी रुंद केलं आणि आपला हात हळूच आत सरकवला.

धर्मराजला तो लागला. कोरडा, लहानसा, सुरकुतलेला हात त्याच्या तळव्यात आला. चांदीच्या गोठाचा गारवा त्याच्या मनगटाला टेकला. बोटं बोटांत गुंतली आणि मिटली. त्याने घाईने खाली पाहिलं. त्याचा हात त्याच्या मांडीपाशी एकटा, रिकामा होता.

"हात ऊन हाय," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. अंगठ्याने त्या बाहीच्या आत काहीतरी कुरवाळत होत्या, आणि ते कुरवाळणं धर्मराजच्या हाताच्या पाठीवर फिरत होतं.

  मोटारसायकल दहा पावलांवर उभी होती. तो एक पाऊल मागे गेला.

बाही ताणली गेली. कमळाबाईंच्या मांडीवरचा कोट चार बोटं सरकला, दाराच्या दिशेने.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसरा हातही बाहीत घातला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"कुठं चाललाव परत?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आताच तर आलाव."

धर्मराज उंबऱ्यावरच बसला.